वाचकांचे प्रश्न: किती माणसं सोडायची, वाट कुठून न्यायची

या वेळी टपालात मोकळ्यावर फिरायच्या जागांचे प्रश्न खूप आलेत. टेकड्या, तळ्याचे काठ, जंगलातल्या पायवाटा, मुलांची मैदानं. विचारणारे बहुतेक जण अशी जागा सांभाळणारे किंवा तिथे रोज जाऊन जीव तुटणारे आहेत, त्यामुळे उत्तरं जरा मोठी झालीत, सांभाळून घ्या. काही पत्रं एकाच मुद्द्याची होती, ती एकत्र केलीयेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या समितीकडे एका टेकडीची देखभाल आहे. सुट्टीच्या दिवशी प्रचंड गर्दी होते. दिवसाला जास्तीत जास्त किती माणसं वर सोडायची याचा एक पक्का आकडा आम्हाला हवाय. त्याचा काही फॉर्म्युला असतो का?

उत्तर: नाही हो, असा फॉर्म्युला नसतो. आणि कोणी आणून दिलाच तर त्याला आधी विचारा की त्यात तुमच्या टेकडीचं नेमकं काय धरलंय. ही कल्पना मुळात कुरणांवरून आली, एवढ्या गवतावर एवढी गुरं चरू शकतात असा तो हिशोब, आणि तोच माणसांना लावून बघितला गेला. अमेरिकेत अ‍ॅलन वॅगर यांनी १९६४ साली यावर सविस्तर लिहिलं आणि तेव्हाच हेही मांडलं की हा आकडा जमिनीत कुठे लपलेला नसतो, त्या जागेचं तुम्हाला काय करायचंय यावर तो ठरतो. शांत बसायला यायची टेकडी असेल तर पन्नास माणसंही जास्त होतील आणि तीच टेकडी मुलांना घेऊन संध्याकाळी दंगा करायची जागा असेल तर पाचशे माणसं आली तरी कुणाची तक्रार नसेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती बऱ्याच जणांना पटत नाही. गर्दी दुप्पट झाली की नुकसानही दुप्पट होतं असं नसतं. डेव्हिड कोल वगैरे संशोधकांनी माणसांच्या तुडवण्याने गवताचं आणि मातीचं काय होतं ते वर्षानुवर्षं मोजलंय आणि त्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या थोड्या माणसांच्या चालण्यानेच होतं. म्हणजे ज्या हिरवळीवर आजवर कोणी गेलं नाही तिथे थोडेच लोक नेमाने जायला लागले की काही दिवसांत पट्टा उघडा पडतो, आणि एकदा तो उघडा पडून माती घट्ट बसली की पुढची शंभर माणसं त्यावरून गेली तरी फारसा फरक पडत नाही. याचा सरळ अर्थ असा की लोक अर्धे केले आणि ते टेकडीभर पसरले तर टेकडीचं भलं होणार नाही, उलट नवीन पट्टे उघडे पडतील. लोक तेवढेच राहिले पण एकाच चांगल्या वाटेवर आणि दोन-तीन ठरलेल्या बसायच्या जागांवर राहिले तर बाकीची टेकडी वाचते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी लोक कुठे आणि कसे फिरतात ते बघा, आकड्याचं नंतर.

मग करायचं काय? १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यातल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली, तिचा गाभा एवढाच की ‘किती माणसं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती बदल आपल्याला चालेल’ हा विचारायचा. माणसं येणार म्हणजे थोडा बदल होणारच हे आधीच मान्य करायचं आणि त्याची हद्द लिहून ठेवायची. ही पद्धत पहिल्यांदा मोंटानातल्या बॉब मार्शल नावाच्या मोठ्या रानात वापरली गेली. तुम्ही तुमच्या टेकडीवर ती साध्या वहीत करू शकता. वाटेवर काही जागा ठरवा, दगडावर खूण करा, तिथे वाटेची रुंदी टेपने मोजा, मुख्य वाटेतून किती आडवाटा फुटल्यात ते मोजा, बसायच्या जागेभोवती उघडी माती किती पसरलीये ते मोजा, आणि प्रत्येक वेळी त्याच जागेवर उभं राहून त्याच बाजूला तोंड करून फोटो काढा. मग समितीत बसून ठरवा की वाट अमुक फुटांपेक्षा रुंद झाली की आपण हातपाय हलवायचे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजलंत तरी दोन-तीन वर्षांत तुमच्या हातात जी माहिती येईल ती बाहेरच्या कुठल्याही तज्ज्ञाकडे नसेल.

हद्द ओलांडली तरी लगेच गेट बंद करायला धावू नका. वाट दुरुस्त करा, आडवाटा झाका, पार्किंग लहान करा (गाड्या कुठे आणि किती लागू शकतात यावर वर किती माणसं येणार हे बरंच ठरतं, समित्या हे कायम विसरतात), येण्याच्या वेळा वाटून बघा. हे सगळं करूनही भागलं नाही तरच माणसांवर मर्यादा घाला.

प्रश्न: आमच्याकडची वाट डोंगराच्या नाकावरून सरळ वर जाते. पावसात तिची घळ झालीये, लोक घळ टाळून बाजूने चालतात त्यामुळे अजून दोन वाटा पडल्यात. काही जण म्हणतात सरळ काँक्रीटच्या पायऱ्या करून टाका. करायच्या का?

उत्तर: पायऱ्यांचं लगेच ठरवू नका. तुमचा खरा शत्रू पाणी आहे, माणूस नंतर. माणूस माती सैल करतो आणि पाणी ती घेऊन जातं. वाट उताराच्या सरळ रेषेत असली की पावसाचं पाणी वाटेतूनच वाहणार, त्याला बाहेर पडायला जागाच नाही, आणि खाली येता येता त्याचा जोर वाढत जाणार. तिथे काँक्रीट ओतलंत तर पाणी काँक्रीटच्या कडेने जाईल, कडेची माती काढेल आणि काही पावसाळ्यांनी तुमच्या पायऱ्या अधांतरी लटकतील. शिवाय एकसारख्या उंच पायऱ्या उतरताना गुडघे दुखणारे लोक पायऱ्यांच्या बाजूने मातीतूनच उतरतात, बघा कुठेही.

वाट बनवणारे लोक एक नियम पाळतात, अर्ध्याचा नियम. डोंगराच्या बाजूचा उतार जेवढा असेल त्याच्या अर्ध्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. म्हणजे डोंगर ४० टक्के उताराचा असेल तर वाट २० टक्क्यांच्या आत. अर्ध्याच्या वर गेली की पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेवरूनच धावायला लागतं. आणि एकूण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे दहा पावलं पुढे गेलं की एक पाऊल उंची. मोबाइलमध्ये उतार मोजायचं अ‍ॅप असतं, फोन काठीवर धरून काठी जमिनीला समांतर ठेवली की अंदाज येतो. फक्त अंशात दाखवतंय की टक्क्यांत ते बघा, कारण ४५ अंश म्हणजे १०० टक्के, आणि या घोळात वाटा चुकतात.

मग वाट डोंगराच्या बाजूने तिरकी न्यायची. दरीकडची कड किंचित खाली ठेवायची, साधारण ५ टक्के, चालणाऱ्याला कळतही नाही पण पाणी चादरीसारखं पसरून पलीकडे उतरतं. आणि ठरावीक अंतराने वाट थोडीशी खाली उतरवून पुन्हा चढवायची. हा उतार-चढ फार मोलाचा आहे कारण वाटेवर साचलेलं पाणी तिथे बाहेर पडतंच, त्याला नाली नको, पाइप नको, साफ करायला माणूस नको. जुनी वाट दुरुस्त करताना लोक आडवी लाकडं घालून पाणी वळवतात, तेही चालतं, पण त्यामागे गाळ साचतो आणि कोणी काढला नाही की एका मोसमात ते निकामी होतं.

एक काम कराच. जोरदार पाऊस पडत असताना छत्री घेऊन, किंवा सरळ भिजत, त्या वाटेवर जा. पाणी कुठून वाटेत शिरतंय, कुठे गढूळ होतंय, कुठे बाहेर पडतंय ते डोळ्यांनी बघा आणि तिथे तिथे रंगीत फीत बांधून या. कोरड्या दिवशी काढलेल्या दहा नकाशांपेक्षा तो एक तास जास्त उपयोगी पडतो. शक्यतो काही जाणत्या गावकऱ्यांना किंवा जुन्या फिरणाऱ्यांना सोबत न्या, पाण्याची वहिवाट त्यांना माहीत असते.

नवी वाट झाली की जुनी घळ तशीच सोडू नका, नाहीतर लोक तीच वापरतील. निदान दोन्ही तोंडांशी, जिथून ती नजरेला पडते तिथे, दगड, वाळलेल्या फांद्या, काटेरी झुडपं घालून ती दिसेनाशी करा आणि आत मधे मधे आडवे बांध घाला म्हणजे माती अडेल. आणि नागमोडी वाटेच्या वळणांवर लोक मधून उडी मारून शॉर्टकट घेतात हा प्रश्न येणारच, म्हणून वळण अशा ठिकाणी घ्या जिथे खालची वाट वरून दिसत नाही, मोठा खडक किंवा दाट झाडी मध्ये असेल अशा ठिकाणी. खालची वाट दिसली की पाय तिकडे वळणारच, त्यात लोकांचा दोष मी तरी धरत नाही.

प्रश्न: कचरा!! डस्टबिन वाढवले तरी कचरा तसाच. ‘रोज शेकडो लोक इथे कचरा टाकतात, लाज बाळगा’ अशा मोठ्या पाट्या लावायचा विचार आहे.

उत्तर: ती पाटी प्लीज लावू नका. अ‍ॅरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, लाकडाचे दगड झालेत तिथे, आणि लोक ते तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून मोजलं. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे जंगलाचं रूप बदललं’ असं सांगणारी पाटी होती तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले, आणि ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढंच म्हणणारी होती तेव्हा २ टक्क्यांच्याही आत. सगळेच करतात असं वाचलं की माणसाला तेच चालतं असं वाटतं. तेव्हा पाटीवर थोडक्यात काय करायचं ते आणि का ते लिहा, रागावू नका.

डस्टबिनचं म्हणाल तर ते फक्त तिथेच ठेवा जिथे कचऱ्याची गाडी पोचते आणि जिथे ते भरायच्या आत रिकामे होणार याची खात्री आहे. वाटेवर आत मध्ये ठेवलेला डबा दोन दिवसांत भरून वाहतो, मग जनावरं ओढतात, आणि भरलेल्या डब्याशेजारी पिशवी ठेवून जाणाऱ्याला आपण नियम पाळला असंच वाटतं. बऱ्याच रानवाटांवर डबे मुद्दाम काढून टाकतात आणि आणलेलं परत घेऊन जा असं प्रवेशावरच सांगतात. पण हे चालायला जागा आधी स्वच्छ हवी, पहिले काही महिने रोज सकाळी उचलायला माणूस हवा. यावर खर्च करा, पाट्यांवर नको.

प्रश्न: मी रोज पहाटे तळ्याकाठी चालायला जाते. आता तिथे सायकलवाले आणि मोठ्याने गाणी लावणारे ग्रुप येतात. तक्रार केली तर व्यवस्थापन म्हणतं की त्यांची तुमच्याबद्दल काहीच तक्रार नाही, मग भांडण कुठेय? मी जास्तच चिडचिड करतेय का?

उत्तर: अजिबात नाही. त्यांची तक्रार नसणं हे तर अशा त्रासाचं लक्षणच आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांच्या प्रदेशात रॉबर्ट लुकस या संशोधकांनी अभ्यास केला, वल्ह्याची होडी चालवणाऱ्यांना मोटरबोटींचा फार त्रास व्हायचा आणि मोटरबोटवाल्यांना होड्यांचं काहीच वाटत नव्हतं. शांतता हवी असणाऱ्याला आवाज खुपतो, आवाज करणाऱ्याला शांतता खुपत नाही. म्हणून तक्रारी मोजून निकाल लावला की शांत माणसं हळूहळू यायचीच बंद होतात, आणि मग सर्व्हे केला तर सगळे समाधानी दिसतात, कारण असमाधानी लोक तिथे उरलेलेच नसतात. व्यवस्थापनाला हे लिहून द्या.

उपाय म्हणाल तर सगळ्यांना सगळीकडे परवानगी, हेच मुळात चुकतं. एकाच जागेत थोडं गजबजलेलं, थोडं मधलं आणि थोडं अगदी निवांत असे पट्टे ठरवता येतात, तळं लहान असेल तर वेळा वाटता येतात, पहाट चालणाऱ्यांची. सायकलींना वेगळी वाट देता आली तर सगळ्यात उत्तम. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा १८५८ चा आराखडा करताना ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी शहराची आडवी वाहतूक बागेत खोलगट रस्त्यांमधून खालून नेली, त्यामुळे वर चालणाऱ्याला ती बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, आणि ते रस्ते आजही वापरात आहेत. तेवढा पैसा सगळ्यांकडे नसतो हे मान्य, पण दोन वाटांच्या मध्ये झाडांची दाट रांग लावायला तरी काय हरकत आहे?

प्रश्न: वडील काठी घेऊन चालतात, भाची व्हीलचेअरवर आहे. दोघांनाही बाहेर न्यावंसं वाटतं पण कुठे जमतच नाही. व्यवस्थापनाला नेमकं काय सांगू?

उत्तर: ‘रॅम्प बनवा’ एवढंच सांगू नका, कारण मग गेटपाशी एक उभा रॅम्प होतो आणि पुढे खडी. मोजमाप देऊन सांगा. बाहेरच्या वाटेचा चढ ५ टक्क्यांच्या आत असेल, म्हणजे वीस फुटांत एक फूट, तर बहुतेकांना तो मोठ्या अंतरापर्यंत झेपतो. रॅम्प करायचाच असेल तर बारात एक यापेक्षा उभा नको. वाट निदान तीन फूट रुंद, आणि दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर सरकायला मधे मधे जास्त रुंद जागा. पृष्ठभाग टणक हवा, तो काँक्रीटच पाहिजे असं नाही, बारीक खडी-माती नीट दाबून बसवली तरी चाक रुतत नाही. पण सैल खडी नको.

वडिलांसाठी बाक सांगा, आणि बाकाला पाठ आणि हात दोन्ही हवेत, कारण हातावर जोर दिल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. बाक सावलीत, आणि एका बाकावरून पुढचा दिसेल एवढ्या अंतरावर, म्हणजे पुढे जायचं धाडस होतं. आणि टॉइलेट. ते नसेल तर म्हातारी माणसं येतच नाहीत, बायकाही येत नाहीत. शेवटचं, प्रवेशापाशी पाटी लावायला सांगा की ही वाट एवढी लांब, सगळ्यात जास्त चढ एवढा, अमुक ठिकाणी पायरी आहे. ‘सर्वांसाठी सुलभ’ असं लिहिण्यापेक्षा हे खूप उपयोगी, जमेल की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

प्रश्न: ऑनलाइन बुकिंग आणि परमिट म्हणजे सामान्य माणसाला बाहेर काढायचे धंदे आहेत असं मला वाटतं. तुमचं मत?

उत्तर: तुमची भीती खरी आहे. नेट नसणारा, आयत्या वेळी सुट्टी मिळणारा माणूस बुकिंगमध्ये मागे पडतो आणि नुसती फी वाढवून गर्दी कमी करणं मला तरी अन्यायाचं वाटतं. पण काही जागी दुसरा इलाज नसतो. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाचा उंच कातळ आहे, त्यावर शेवटचा टप्पा तारांना धरून चढायचा, तिथे गर्दीत अडकणं जीवावर बेतू शकतं, म्हणून २०१० पासून आधी फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी आणि २०११ पासून तारा उभ्या असतील तो सगळा काळ परमिट लागतं, दिवसाला साधारण ३०० जणांना. तिथल्याच झायन या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानातल्या एंजल्स लँडिंग या अरुंद कड्यावर जायला २०२२ पासून परमिटची लॉटरी आहे. पण झायननेच २००० पासून गर्दीच्या मोसमात दरीत खासगी गाड्या बंद करून शटल बस सुरू केली, म्हणजे माणसं न अडवता फक्त गाड्या अडवल्या. तुमच्याकडे आधी हे होऊ शकतं का ते विचारा, आणि परमिट आलंच तर काही जागा त्याच दिवशी, खिडकीवर, राखून ठेवायची मागणी करा.

प्रश्न: जागा काही महिने पूर्ण बंद ठेवली की आपोआप सुधारते का?

उत्तर: का बिघडली त्यावर आहे. थायलंडमधली माया बे ही एका बेटावरची समुद्राची खाडी २०१८ च्या जूनमध्ये पर्यटकांना बंद केली, खरं तर थोड्याच काळासाठी, पण ती उघडली २०२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात प्रवाळाची रोपं लावली, उथळ पाण्यात छोटे शार्क परत दिसायला लागले. पण मुख्य म्हणजे उघडताना जुनी व्यवस्था परत आणली नाही, बोटींना खाडीत येऊ न देता बेटाच्या मागच्या बाजूला धक्का केला आणि तिथून लोक चालत येतात. खाडीत बोटींचे नांगर पडणंच थांबलं.

जमिनीवर उलटं होतं बऱ्याचदा. तुडवलेलं गवत जायला काही दिवस लागतात आणि यायला कित्येक वर्षं, कारण घट्ट बसलेल्या मातीत पाणी मुरत नाही, बी रुजत नाही. म्हणून एक जागा बंद करून लोकांना शेजारच्या जागेत पाठवलं की पहिली बरी होण्याआधी दुसरी जाते आणि दोन्ही हातच्या जातात. बंद करायचीच असेल तर माती खणून सैल करा, तिथलीच रोपं लावा, पालापाचोळा पसरा, आणि लोकांना आधीच टणक झालेल्या जागी वळवा. चिखलाच्या दिवसांत वाट बंद ठेवणं मात्र अगदी योग्य, तेव्हाच्या एका आठवड्यात होणारं नुकसान वर्षभरात होत नाही.

प्रश्न: मैदानात नवीन झोके आणि घसरगुंडी बसवताहेत, खाली काँक्रीट करून वर रंगीत गवताची चटई. ठीक आहे ना?

उत्तर: नाही, काम थांबवा आणि आजच बोला. मुलांच्या मैदानातल्या मोठ्या दुखापती बहुतेक पडण्यातून होतात आणि पडल्यावर काय होणार ते खालच्या जमिनीवर ठरतं. काँक्रीटवर पातळ चटई म्हणजे काँक्रीटच. साधी माती आणि गवतसुद्धा अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत सुरक्षित पृष्ठभाग धरत नाहीत, ती तुडवून घट्ट होते. लाकडाचे तुकडे दबल्यावरही ९ इंच राहतील एवढे टाका किंवा त्या उंचीसाठी तपासलेलं जाड रबर घ्या, आणि किती उंचीवरून पडण्यासाठी ते तपासलंय त्याचा कागद पुरवठादाराकडून मागा. झोक्याच्या पुढे आणि मागे, दांड्याच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी हवी, म्हणजे दांडा आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा. त्या पट्ट्यात बाक नको, कुंपण नको, पळायची वाट तर नकोच नको. लाकडाचे तुकडे झोक्याखाली पायांनी उडून खड्डा पडतो, तो रोज फावड्याने परत भरायचा, हे काम कुणाचं ते बसवायच्या आधी नावानिशी ठरवून घ्या.